शेळ्यांनी खाल्लेली झाडं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. दर उपवासकाळात फादरांपुढे पापं सांगते, तेव्हाही हे गाळते – चिडणं, आळस, तोंड सुटणं, असली फुटकळ पापं पुढे करते आणि उठते. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. पण आता हे आत ठेववत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून सगळे मला टीचर म्हणतात. घर वसईत, पण गेली काही वर्षं जीव अडकलाय चांदीपजवळच्या एका उतारावर. तिथलं जंगल परत आणायला गावाने तो आमच्या पर्यावरण गटाकडे दिला. उतारभर घाणेरी – बाहेरून आलेलं काटेरी झुडूप – माजलेली. पण वाकून बघितलं की तिच्या आडोशाला कुडा, ऐन, पळस – बोटभर, वीतभर – आपोआप उगवलेले दिसायचे. घाणेरी हाताने, थोडी थोडी काढायची आणि खालची रोपं सांभाळायची, एवढंच काम होतं. फक्त सावकाश करायचं होतं. हे सगळ्यांना समजावलं कुणी? मीच!

मग एका कंपनीचे लोक वृक्षारोपणाला येणार असं ठरलं. रोपं त्यांची, टी-शर्ट त्यांचे, फोटो त्यांचे. त्यांना मोकळी जमीन हवी होती. आणि मला – मला काय हवं होतं? कौतुक. दुसरं काय असणार? कुणालाही न विचारता मी जेसीबी बोलावला. ड्रायव्हरने एकदा मशीन थांबवून विचारलंसुद्धा, "मॅडम, ही छोटी झाडं ठेवायची का?" मी हात हलवला – चालू दे. संध्याकाळपर्यंत घाणेरी गेली, कुडा गेला, ऐन गेला, वरची काळी माती गेली.

उरलेली माती पावसाने नेली. कंपनीच्या लोकांनी लावलेल्या रोपांच्या दिवाळीपर्यंत काड्या झाल्या. गटाच्या बैठकीत सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि माझ्या तोंडून निघालं, "शेळ्यांनी खाल्ली."

किती सहज निघालं!

शेळ्या जनीबाईच्या. पायथ्याशी तिचं झोपडं, नवरा गेलेला, शेळ्यांवरच तिचं चालायचं. गावाने तिला बोलावून जाब विचारला. ती ओरडली नाही, रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "टीचर, माझ्या शेल्या तिकडं कशाला जातील? तिकडं खायाला हाय काय?"

खरंच, काय होतं तिथे? उघडा मुरूम. एक वाक्य बोलायचं होतं मला – एकच. मी चष्मा पुसत बसले.

शेळ्यांना डोंगर बंद झाला. त्यांना बांधून खायला घालणं तिला जमेना. तिने एकेक करून सगळ्या विकल्या. आम्ही तारेचं कुंपण घातलं, गावाने टाळ्या वाजवल्या.

चीड कशाची येते, सांगू? दर पावसाळ्यात त्या कुंपणात आम्ही नवी रोपं लावतो आणि उन्हाळ्यात ती मरतात. आत एक शेळी नाही, तरी मरतात! मग कुणी विचारत का नाही? गटात शिकलेसवरलेले लोक आहेत, त्यांना डोळे आहेत. पाणी कमी पडलं म्हणतात, रोपंच खराब होती म्हणतात, आणि पुन्हा खड्डे खणायला घेतात. इतका संताप येतो त्यांचा – पण कुणी विचारायला तोंड उघडलंच, तर घाईघाईने विषय बदलणारी मीच असते.

परवा विरारच्या बाजारात जनीबाई दिसली. हल्ली ती इमारतींमध्ये धुणीभांडी करते. मी दुसऱ्या गल्लीत वळणार होते, पण तिनेच हाक मारली. माझा हात धरून म्हणाली, "टीचर, झाडं लागली काय तुमची?"

आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. ती होती आणि मी होते.

"लागली," मी म्हटलं. "चांगली मोठी झालीत."

"बरा झाला," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलेलं दिसत होतं.