आईच्या मापाचा शर्ट

रेडिमेड शर्ट घ्यायचा तर आधी तो उलटा करायचा. बाहेरून सगळेच राजबिंडे असतात. टाचण्या टोचून ताठ केलेले, कॉलरखाली पुठ्ठा, छातीवर कडक इस्त्री. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. म्हणून आत हात घालायचा, बगलेची शिवण ओढून बघायची, काजाचे धागे लोंबतात का ते बघायचं. कापड मुठीत गच्च धरायचं आणि सोडायचं. दुकानदार तोंड वाकडं करतो. करू दे, आपल्याला त्याच्या घरी सोयरीक करायची नाहीये.

हे मला कुणी शिकवलं नाही. लहानपणी घरातल्या शर्टांची तुटलेली बटणं लावायचं काम माझ्याकडे होतं, आणि आमच्या घरातला शर्ट सुखासुखी मरत नसे. त्याला दोन जन्म असायचे. पहिला जन्म अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या अंगावर. बाजार, लग्न, पाहुणे. कॉलर विरली, कोपर फाटलं, की दुसरा जन्म आईच्या अंगावर, उसात.

आमच्या पाथर्डीकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया लुगड्यावरून पुरुषांचा फुल बाहीचा शर्ट घालतात. उसाचं पान पात्यासारखं कापतं, आणि त्याच्यावरची बारीक कूस अंगात शिरली की रात्रभर खाज सुटते. मग शर्ट हवाच. आणि तो नवऱ्याचा, टाकून दिलेला. नवरा-बायको मिळून तिथे एक कोयता धरतात, दोन माणसं पण मोजायची एक. शर्टाचंही तसंच. नवा झाला की त्याचा, चिंध्या झाल्या की तिचा.

मला यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं. नगरला एका दवाखान्यात रिसेप्शनला नोकरी लागली, भिंगारला खोली घेतली, आणि त्या हिवाळ्यात सुट्टी काढून मी आईला भेटायला थेट उसाच्या फडावर गेले. तिच्या अंगावर अण्णांचा जुना चौकड्याचा शर्ट होता. बाह्या लांब, म्हणून वर दुमडलेल्या. वाकलं की त्या घडी सुटून खाली यायच्या, मग परत दुमडायच्या. त्या घड्यांतच सगळी कूस जाऊन बसायची. आईने चहा द्यायला हात पुढे केला आणि मनगटापासून कोपरापर्यंत नुसते ओरखडे, काही जुने, काही लालभडक. तो चहा मला गिळवेना.

"अगं, हे असं रोजच होतं का?"

"मंग? ऊस काय हळद लावतोय व्हय अंगाला?"

ती हसली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, पण कुणावर काढायचा ते कळेना. परत येताना एसटीत मी ठरवून टाकलं. आईला शर्ट. नवा, चांगला, साहेब लोक ऑफिसला घालतात तसा. आणि त्याचा पहिलाच जन्म आईच्या अंगावर.

पुढच्या हंगामाच्या आधी मी कापड बाजारात जाऊन आकाशी रंगाचा एक फॉर्मल शर्ट घेतला. उलटा करून, ओढून, उजेडात धरून. गावाकडच्या माणसाबरोबर पाठवून दिला आणि फोन करून सांगितलं, "आई, हा तुझा." आई म्हणाली, "बरं." थोड्याच दिवसांत मोबाईलवर कुणाच्या तरी लग्नाचा फोटो आला. नवरदेवाच्या मागे छाती काढून अण्णा उभे. आकाशी शर्टात.

मी फोन लावला. "आई, हे काय?"

"अगं, लगीन हुतं. त्येंच्याकडं धड शर्ट न्हवता. आन् नवाकोरा शर्ट उसात घालायचा म्हंजी... लोकं काय म्हंतील?"

"लोकं काय म्हणतील ते लोकांच्या तोंडी राहू दे. तू घाल."

"घालंन की. जुना झाला की घालंन."

आता बोला! अण्णांचा यात काही दोष होता असंही नाही. माणूस हौशी. घरात नवा शर्ट दिसला की तो आपलाच असं ते आयुष्यभर धरून चालले, आणि त्यांना कधी कुणी अडवलंही नाही.

मीही त्यांचीच लेक. पुढच्या खेपेला मुद्दाम लहान मापाचा घेतला. अण्णांचं पोट त्यात मावलंच नसतं. मनात म्हटलं, आता कसे घालता बघू! पण मी माझ्या धाकट्या भावाला विसरले. तो जामखेडला गॅरेजमध्ये कामाला असतो, शेवग्याच्या शेंगेसारखा. सुट्टीला घरी आला, शर्ट चढवला आणि वर मोबाईलला स्टेटस ठेवलं की ताईने शर्ट पाठवला. आई फोनवर काय म्हणावी? "पोराला लई झ्याक बसला गं. जसा काय मापानंच शिवला." ती इतकी खूश होती की मला ओरडताही येईना. मी फोन ठेवला आणि उशीवर दोन बुक्क्या मारल्या.

तो हंगामही आईने त्याच चौकड्याच्या शर्टात काढला. कोपराला दुसऱ्या कापडाचं ठिगळ, कॉलरच्या आतलं ताठ बकरम बाहेर आलेलं.

तिसऱ्या खेपेला मी शर्ट पाठवला नाही. आईलाच बोलावून घेतलं. डोळे तपासायचे आहेत असं खोटं सांगितलं, नाहीतर ती आलीच नसती. माळीवाडा स्टँडवर उतरली आणि मी तिचा हात धरून तिला सरळ कापड बाजारात नेलं.

"डोळं तपासायचं हुतं ना?"

"तपासू की. आधी शर्ट बघून घे, म्हणजे डॉक्टरला सांगता येईल नीट दिसतंय का."

"लबाड मेली!" ती म्हणाली, पण आली.

दुकानदाराने साहजिक विचारलं, "ताई, कुणासाठी? माप काय?" मी म्हटलं, "हिच्यासाठी." त्याने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "लेडीज शर्ट वरच्या मजल्यावर." वर जाऊन आलो. तिथल्या शर्टांचं कापड पापडासारखं, बाह्या कोपरापर्यंत येऊन दमलेल्या. उसात अर्धा दिवस निघाला नसता. परत खाली. मग त्याने एकावर एक फुकटचा ढीग दाखवला. मी एक उलटा केला, बगल ओढली, शिवण हातात आली. दुसरा ओढला, तीच कथा. फुकटचा शर्ट विकतच्याचा सख्खा भाऊच निघतो. म्हटलं, "दादा, एकच द्या पण धडाचा द्या." तेव्हा कुठे त्याने फळीवरचा माल काढला.

आईचं सगळं लक्ष भलतीकडेच. कुठलाही शर्ट हातात घेतला की "ह्यो त्येंच्या पोटावर तटंल," नाहीतर "ह्यो रंग पोराला खुलंल." मी शेवटी म्हणाले, "आई, त्या दोघांची नावं घेतलीस तर मी इथेच खाली बसेन हं." दुकानदार गालात हसला.

ट्रायल रूममध्ये जायला ती तयार नव्हती. लुगड्यावरूनच तर घालायचा, त्याला खोली कशाला? म्हणून दुकानाच्या मधोमध तिने एक शर्ट चढवला. छान दिसत होता. स्लिम फिट. आणि मग तिने जे केलं त्याने सगळं गिऱ्हाईक माना वळवून बघायला लागलं. ती कमरेत वाकली, डाव्या हाताने नसलेला ऊस धरला आणि उजव्या हाताने सपकन नसलेला कोयता मारला. पाठीत कापड ताणून टरकल्यासारखा आवाज आला. "अगं बया!" म्हणत तीच दचकली. दुकानदाराने धावत येऊन मधलं स्टूल उचललं आणि तो म्हणाला, "मावशी, ह्याच्यापेक्षा रेग्युलर फिट बघा." शर्टाला काही झालं नव्हतं, देवाची कृपा.

रेग्युलरमधला एक तिला बसला. गर्द निळा, बारीक पांढऱ्या रेघांचा, जाड सुताचा. आमच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर घालतात तसा. वाकून झालं, कोयता मारून झाला, कॉलर उभी करून मान झाकते का ते बघून झालं. मी आतून बाहेरून तपासला, कुठे खोट सापडेना. फक्त एकच. खांद्यात, पाठीत बरोबर, पण बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. आईने सवयीने त्या वर दुमडायला घेतल्या.

मी तिचा हात धरला. माझ्या डोळ्यांपुढे तो चहाचा कप आला. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट आली. या मापाचा शर्ट अण्णांना आरामात झाला असता.

"बाह्या कापायच्या," मी म्हणाले.

दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन एक चाचा बसायचे, ऑल्टरचं काम करायला. त्यांनी कफ उसवून, बाही छाटून पुन्हा कफ लावायचं कबूल केलं. आईच्या मनगटावर, हाड असतं तिथे, खडूची खूण केली. दुकानदाराने आतून बजावलं, "ताई, कापलेला शर्ट परत घेणार नाही. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला व्हायचाही नाही तो."

"त्याच्यासाठीच चाललंय सगळं," मी म्हणाले.

चाचांनी कात्री उचलली तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मंग ह्यो त्येस्नी न्हाई यायचा?"

"नाही."

"आन् पोराला?"

"त्याला तर मुळीच नाही. आई, कुणालाच नाही यायचा. फक्त तुला."

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला, तो जाईपर्यंत ती तिकडेच बघत राहिली. मला वाटलं, आता नको म्हणणार, आता चांगल्या शर्टाचं वाटोळं केलं म्हणणार, आणि मी भांडायची सगळी तयारी केली.

"काप म्हनावं," ती म्हणाली.

एक घाव दोन तुकडे झाले. पण तिला खरंच पटलं होतं, का माझ्या तोंडाला कंटाळून तिने हो म्हटलं होतं, ते मला कळलं नाही. पाथर्डीच्या गाडीत बसवून दिली तेव्हा पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. फक्त म्हणाली, "डोळं राह्यलंच की गं तपासायचं."

मला धास्ती होतीच. नेऊन पेटीत ठेवेल, पोराच्या लग्नात कुणाला तरी आहेर करेल, नाहीतर बाह्यांना जोड लावून अण्णांना देईल. आईचा काय भरवसा! म्हणून दसरा झाल्यावर ऊसतोडीला नेणारे ट्रक लागले तेव्हा मी रजा घेऊन गावी गेले.

सकाळची वेळ. पेट्या, पिठाचे डबे, कोंबड्यांची खुराडी, सगळं ट्रकमध्ये चढत होतं. बायाबापड्यांचा गलका. आणि घरातून अण्णा बाहेर आले ते निळा रेघांचा शर्ट घालून. नवा शर्ट हुंगून काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण बाह्या मनगटाच्या बऱ्याच वरती अडकल्या होत्या, आणि हात पुढे धरून ते बुजगावण्यासारखे उभे होते.

"आरं, ह्यो शर्ट आटला काय?" एकजण ओरडला. सगळे खो खो हसायला लागले. अण्णाही हसले, बाह्या खाली ओढून बघितल्या, काही उपयोग नाही.

"कुणाचा हाय गं ह्यो?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. सगळं भाषण तयार होतं माझ्याकडे. पण त्याआधी आई ट्रकपाशी होती ती पदर खोचत आली आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"माझा हाय. काढा."

अण्णांना वाटलं चेष्टा आहे. "तुझा? आन् मंग मी काय घालू?"

"काढा म्हंते ना. बटनं तुटतील."

त्यांनी काढला. आईने तो झटकला, फडापर्यंत अजून दिवसभराचा रस्ता होता तरी तिथेच लुगड्यावरून चढवला, आणि बटणं लावली, खालपासून पार गळ्यापर्यंत. मग कफाची. दोन्ही कफ बरोबर मनगटाच्या हाडावर बसले. शेजारच्या बाया तिच्याकडे बघत होत्या. मी खुराड्याकडे बघितल्यासारखं केलं.

अण्णा बनियनवर उभे होते. आईने गाठोडं सोडलं, आतून तो चौकड्याचा शर्ट काढला, कोपराला ठिगळ लावलेला, आणि त्यांच्या हातात दिला.

"ह्यो घाला उसात. तुमचाच हाय."

अण्णांनी शर्टाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मुकाट्याने घातला.