सलीमनं निवडलेली सुरी

फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी सणसरला असतो. घरचा ऊस आहे, दोन म्हशी आहेत. बारामतीत डोंगरात भटकणाऱ्यांचा एक गट आहे, तो अधूनमधून मला बोलावतो. तंबू कुठल्या जागी लावू नये, पायाला फोड आले तर काय करावं, असल्या गोष्टी मी सांगतो. गटाच्या प्रमुख वैशाली मॅडम. त्या दातांच्या डॉक्टर आहेत.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी मला दवाखान्यात बोलावलं आणि टेबलावर दोन मोठ्या सुऱ्या ठेवल्या. दोन्ही न मिटणाऱ्या, म्यानात घालून कमरेला लावायच्या. एक जाड पाठीची, पुढं वजन असलेली, थोडी आपल्या ऊसतोडीच्या कोयत्याच्या जातीची. दुसरी सरळ, पातळ, टोकदार. गट उत्तराखंडला जाणार होता आणि एकच न्यायची होती.

"सुभेदारसाहेब, यातली कुठली घेऊ?"

मी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकाच तुकड्याचं आहे का, मूठ ओल्या हाताला घसरते का, हे पाहिलं. दोन्ही चांगल्या होत्या. मी सरळ सुरी त्यांच्याकडं सरकवली.

"पण लाकूड तर त्या जाड सुरीनं पटकन तुटेल ना?"

"तुटेल."

"मग हीच का?"

त्यावर मी त्यांना जे सांगितलं, तेच इथं लिहितो आहे.

आमची बटालियन तेव्हा अरुणाचलमध्ये होती. मी नाईक होतो. सलीम मुलाणी माझ्याच प्लाटूनमध्ये, तोही नाईक. त्याचं गाव कळस, माझं सणसर, दोन्ही इंदापूर तालुक्यात. भरतीच्या मैदानावर आम्ही एकाच रांगेत उभे होतो, तेव्हापासून बरोबर. त्याच्या वडिलांचं विळे, कोयते, खुरपी विकायचं छोटं दुकान होतं. सगळे त्यांना बाबूतात्या म्हणत. पात्याला धार कशी लावायची हे सलीम चालायला लागल्यापासून बघत आला होता.

त्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा त्यानं इंदापूरच्या एका लोहाराकडून उसाच्या ट्रॉलीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून दोन सुऱ्या करून घेतल्या. एक जाड, एक सरळ. मूठ बाभळीची, वर नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळलेली. तिकडं चामड्याचं म्यान ओलं होऊन कुजतं, म्हणून त्यानं शेतातल्या पाइपचा तुकडा चुलीवर तापवून चपटा केला आणि त्याची म्यानं बनवली. बटालियनमध्ये परत आल्यावर ट्रंकेतून दोन्ही काढून त्यानं माझ्यासमोर ठेवल्या.

"कुठली बरी ते मलाबी ठरवता येईना. म्हून दोन्ही आणल्या."

आमच्या कंपनीला लांबच्या गस्तीचा हुकूम आला. लाँग रेंज पेट्रोल म्हणजे सामान पाठीवर घेऊन सीमेपर्यंत जायचं आणि परत यायचं. मध्ये रस्ता नाही, वस्ती नाही. तुम्ही ज्याला कॅम्पिंग आणि हायकिंग म्हणता तेच, फक्त पाठीवर रायफल आणि दारूगोळाही असतो. कॅप्टनसाहेब स्वतः बरोबर येणार होते. हिमाचलचे, कमी बोलणारे अधिकारी. त्यांनी निघण्याआधी प्रत्येकाची पाठपिशवी रिकामी करायला लावली. ज्याचं काम नाही ते बाजूला काढलं. माझी जाड बनियनसुद्धा गेली.

आमच्या दोन सुऱ्यांपाशी ते थांबले. सलीम आणि मी स्काउट होतो, म्हणजे सगळ्यांच्या पुढं चालणारी जोडी.

"दोनों साथ चलते हो. बड़ा चाकू एक ही जाएगा. कौन सा, शाम तक बताओ."

दुपारी आम्ही लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, मागं गेलो आणि दोन्ही सुऱ्या वापरून बघितल्या. बांबूवर जाड सुरी चालवली. मनगटाएवढा बांबू तिनं दोन घावांत पाडला. सरळ सुरीला त्याच बांबूवर दगडानं ठोकून घ्यावं लागलं. चुलीची लाकडं फोडायलाही जाडच सरस. मग सलीमनं ओला दोर घेतला. त्यावर सरळ सुरी एका ओढीत चालली. जाड सुरी दोर चेपत होती, घासावं लागत होतं. फाटलेल्या पिशवीचा एक पट्टा मिळाला. तो सलीमनं स्वतःच्या खांद्यावर आवळून घेतला, आतून सरळ सुरी सारली आणि बाहेरच्या बाजूला ओढली. पट्टा तुटला. शर्टाला ओरखडासुद्धा नाही.

"आता जाडीनं करून दाव," तो म्हणाला.

मी बघितलं. तिचं नाक पट्ट्याखाली जाईना. खांदा चिरला असता.

"पण पट्टा रोज कोण तोडतंय?" मी म्हणालो. "तंबूला बांबू रोज लागत्यात. वाट काढावी लागती. ही जाडच घेऊ."

"बांबू न्हाय तुटला तर बारका बघू."

"आन लाकूड?"

"खाली पडल्यालं गोळा करू."

"तू दुकानदाराचा पोरगा हायस. तुला पातळ पात्याचं कवतिक."

तो हसला. "व्हय. पर दुकानात जाड कोयतंच जास्त खपत्यात."

संध्याकाळी कॅप्टनसाहेबांसमोर आमचं एकमत नव्हतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं. मग सलीमकडं वळले.

"मुलाणी, तुम बोलो. सीधा वाला क्यों?"

"साब, पेड़ रास्ते में गिरे तो बगल से निकल सकते हैं. आदमी फँस जाए तो उसकी बगल से नहीं निकल सकते."

साहेबांनी थोडा वेळ विचार केला. "सीधा वाला," म्हणाले आणि पुढच्या माणसाकडं गेले. मला ते पटलं नव्हतं. पण हुकूम झाला होता. जाड सुरी ट्रंकेत गेली, सरळ सलीमच्या कमरेला.

जाताना काही विशेष झालं नाही. सकाळी चहा, शंकरपाळ्या किंवा पुरी, मग चालणं. दुपारी थांबून रेडिओवर ठिकाण कळवायचं. संध्याकाळी तळ. बांबू तोडायला वेळ लागायचा तेव्हा मी सलीमकडं बघायचो, तो माझ्याकडं बघायचा नाही. सीमेवर पोचलो, काम केलं, परत फिरलो.

परतीच्या वाटेवर पाऊस लागला आणि थांबेना. जाताना गुडघाभर असलेला एक नाला आता छातीपर्यंत आला होता. वरच्या डोंगराची माती लाल, सैल झालेली. कॅप्टनसाहेबांनी काठावर उभं राहून बराच वेळ पाणी पाहिलं. रेशन संपत आलं होतं आणि एका जवानाला ताप होता. थांबणं शक्य नव्हतं.

"रस्सी लगाओ."

नेहमीप्रमाणं सलीम पहिला उतरला. कमरेला दोर बांधून पलीकडं गेला आणि झाडाला दोर आवळला. दुसरा मी. पिशवीचा कमरपट्टा सोडायचा हा नियम आहे, तो मी सोडला होता. छातीवरचा पट्टाही सोडला होता. मध्यावर पायाखालचा दगड निघाला. हात दोरावरून सुटला आणि पाण्यानं मला खाली नेलं.

थोडं खाली एक मोठं झाड नाल्यात आडवं पडलेलं होतं. मी त्याच्यावर जाऊन आदळलो. पिशवी फांद्यांत घुसली आणि मी तिच्यासकट अडकलो. छाती खोडाला दाबलेली, मागून पाण्याचा जोर. खांद्याच्या पट्ट्यांतून हात काढायला जागाच नव्हती. पाणी हनुवटीला लागत होतं. लाट आली की तोंडावरून जायचं.

अलीकडून साहेबांचा आवाज ऐकू येत होता. पण माझ्यापर्यंत आधी आला तो सलीम. पलीकडच्या काठानं पळत आला आणि त्या खोडावरून सरपटत माझ्या डोक्यापाशी पोचला. ज्या फांदीत पिशवी अडकली होती ती मांडीएवढी जाड होती. ती तोडायचा विचारही त्यानं केला नाही. सुरी दातांत धरून तो माझ्या शेजारी पाण्यात उतरला.

"डावा हात वर घे," म्हणाला.

"येत न्हाय."

"मग हलू नको."

त्याचा हात पाण्याखाली माझ्या काखेत आला. त्याला काही दिसत नव्हतं. पात्याची थंड सपाट बाजू मला बरगडीला लागली, मग ती फिरली आणि डावा पट्टा सुटला. उजव्या बाजूला त्याला खाली बुडी मारावी लागली. तो एकदा वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. दुसरा पट्टा सुटला आणि पिशवी तिथंच राहिली. त्यानं मला खालून ढकललं. खोडावर पोट टेकवून मी अलीकडच्या काठाकडं सरकलो. तिथं साहेब आणि एक जवान पाण्यात उतरले होते. त्यांनी माझी कॉलर धरली.

"सलीम, ये," मी म्हणालो.

"आलो, तू हो फुडं."

तो खोडावर चढत होता. त्याच वेळी वरून आवाज आला. डोंगराचा एक भाग सुटून नाल्यात आला. चिखल, दगड, झाडं. ज्या खोडावर तो होता ते फिरलं आणि वाहत गेलं. आम्ही काठानं धावलो. फार धावायला जागा नव्हती.

साहेबांनी स्वतः रेडिओ हातात घेतला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"टायगर, दिस इज अल्फा. वन मॅन मिसिंग. सर्च जारी. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सलीम सापडला. सुरी सापडली नाही. त्याला स्ट्रेचरवर घेऊन आम्ही पाळीपाळीनं चाललो. माझ्या बरगड्या मोडल्या होत्या, साहेबांनी मला खांदा द्यायला मनाई केली. मी स्ट्रेचरच्या शेजारून चाललो.

पार्थिवाबरोबर कळसला मीच आलो. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. उसाच्या गाड्या रस्त्याच्या कडेला थांबवून ड्रायव्हर खाली उतरून उभे होते. जनाज्याची नमाज झाली, सलामीच्या फैरी झाल्या. बाबूतात्यांनी तिरंगा दोन्ही हातांत घेतला.

बरगड्या भरून आल्यावर, ड्युटीवर परतण्याआधी मी पुन्हा त्यांच्याकडं गेलो. दुकान उघडं होतं. त्यांनी मला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "आता सगळं सांग. काय बी वगळू नको."

मी सांगितलं. दोर, झाड, पट्टे, डोंगराचा आवाज. ते खाली बघून ऐकत होते.

"तू अडकल्याला दिसल्यावर त्यो लगीच उतरला?"

"व्हय तात्या. लगीच."

"पाण्यात?"

"व्हय. पाण्याखाली बुडी मारून दुसरा पट्टा तोडला. समद्या नाल्यात पयला त्योच उतरायचा. कायम."

तात्यांनी चहाचा कप बाकावर ठेवला.

"लहानपणी त्याला पाण्याचं लय भ्या हुतं," ते म्हणाले. "गावातली समदी पोरं हिरीत पोहायची. ह्यो काठावर कपडं राखत बसायचा. मी एकदा बळंच उतरवला, तर आठ दिस तापानं पडला. भरती झाला तवा माझ्या मनात हेच की, पाण्याचं काम लागलं तर ह्यो काय करल."

मला हे माहीत नव्हतं. आम्ही बरोबर कितीतरी नद्या-नाले ओलांडले. दर वेळी तो कमरेला दोर बांधायचा, पाण्याकडं एकदा बघायचा आणि उतरायचा. तो एक क्षण थांबतो तेव्हा प्रवाह जोखतोय, असंच मी समजत आलो. कुणालाच तो काही बोलला नव्हता.

तात्यांना मी तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझा हात धरून बसले.

आता तात्याही नाहीत. कळसच्या कब्रस्तानात बाप-लेक शेजारी शेजारी आहेत. दरवर्षी सलीम गेला त्या तारखेला मी सकाळी तिथं जातो, बूट बाहेर काढतो, सावधान उभा राहून सॅल्यूट करतो.

नाईक सलीम बाबू मुलाणी. मुक्काम कळस, तालुका इंदापूर.