पाणीपट्टीवाली

नवरा गेल्यावर ग्रामपंचायतीने त्याच्या जागी मला घेतलं. घरपट्टी, पाणीपट्टी वसूल करायचं काम. अफजलपूर तालुक्यात, करजगीच्या पुढे आमचं गाव. लेक लग्न होऊन सोलापूरला गेलेली, घरात मी एकटी. कामाच्या निमित्ताने चार माणसांत वावरणं होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. खांद्याला पावतीपुस्तकांची पिशवी लागली आणि ओट्यावर गप्पा मारणाऱ्या बायका मला बघून उठायला लागल्या. एका घरात तर आतूनच आवाज आला, "घरी कुणी न्हाई!"

शेजारच्या काकूंकडे माझं रोजचं जाणं-येणं होतं. एका संध्याकाळी गेले, तर त्या म्हणाल्या, "बसायला आलीस का पट्टी मागायला?"

"बसायला."

"मग पिशवी घरी ठिवून ये."

मी पिशवी घरी ठेवली. परत जायला मात्र पाय उचलला नाही.

त्या उन्हाळ्यात गावच्या बोअरची मोटार जळाली. नळ कोरडे पडले. बायका घागरी घेऊन मळ्यातल्या विहिरींवर जायला लागल्या, आणि बऱ्याच दिवसांनी माझ्या दारात माणसं आली. भांडायला.

"पट्टी मागायला बराबर येतीस," एक जण म्हणाला, "अन् मोटार आणायला कामून येळ लावायलीस?"

"अण्णा, दुकानातून उचलून आणता येत न्हाई. तीन दुकानांची कोटेशनं लागतात. ज्याचा भाव कमी त्याच्याकडून घ्यायची."

"तवर प्यायचं काय?"

माझ्याही घरात घागर रिकामीच होती.

पंचायतीच्या साहेबांकडे शेजारच्या गावाचाही कारभार होता. ते म्हणाले, "अक्का, तुम्हीच अफजलपूरला जाऊन कोटेशनं आणा." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी गेले. पहिल्या दुकानदाराने लगेच कोटेशन लिहून दिलं. दुसऱ्याने हात जोडले. "पंचायतीला आम्ही देत न्हाई. माल आधी न्यायचा, अन् पैशासाठी आम्ही खेटे घालायचे." आणखी एक दुकान बंद होतं. आणखी कुठे मोटारी मिळतात ते विचारायला मी पुन्हा पहिल्या दुकानात आले, तेव्हा मालकाने पंखा माझ्याकडे वळवला, पाणी दिलं.

"अक्का, उन्हात कामून फिरायलीस? दुसऱ्या दोन दुकानांची कोरी कागदं हायेत माझ्याकडं, शिक्क्यासकट. जास्तीचा भाव टाकून मीच भरतो. आजच मोटार घिऊन जा, मंजुरी मागून येईल. समदे असंच करतेत."

पाणी पिताना मला विहिरीवरच्या बायका दिसत होत्या. तो म्हणत होता तसं केलं असतं, तर दोन दिवसांत नळ सुरू झाले असते. पण त्या मोटारीचे पैसे म्हणजे मी दारोदार उभी राहून, बोलणी खाऊन गोळा केलेली पट्टी होती. खरा भाव कळल्याशिवाय ती कुणाच्या हातात द्यायला मन घेईना.

"न्हाई अण्णा," मी म्हटलं आणि उठले. त्याने पंखा परत आपल्याकडे फिरवला.

मग मी सोलापूरची बस धरली. तिथे दोन दुकानांत कोटेशनं मिळाली आणि एकाचा भाव बराच कमी निघाला. लेकीच्या घरी मुक्काम करावा असं वाटलं, पण पंचायतीत कागद लवकर द्यायचे होते. स्टँडवरूनच तिला फोन केला. कुठून बोलतेय ते सांगितलं नाही.

मंजुरीला आणखी काही दिवस गेले. तेवढ्या दिवसांत गावात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. मोटार बसली त्या दिवशी नारळ फुटला, पंचायतीच्या सदस्यांचे फोटो निघाले. मी कार्यालयातच बसून होते. मला कुणी बोलावलं नव्हतं.

संध्याकाळी काकू नळावर भेटल्या. न राहवून मी त्यांना सगळं सांगितलं, त्या कोऱ्या कागदांचंही. त्यांनी घागर भरेपर्यंत ऐकून घेतलं.

"तवाच घेतली असतीस तर पाणी कवाच आलं असतं," त्या म्हणाल्या. "माझी कंबर मोडली बघ."

"व्हय काकू," मी म्हटलं.

त्यांना घागर उचलवेना. मी हात लावून ती त्यांच्या कमरेवर दिली. त्या हळूहळू घराकडे गेल्या, आणि मी माझी कळशी नळाखाली धरली.