फांदीकुट्टीवरचा नारळ

दरवर्षी सीताफळाची छाटणी आली की आमची आई शहरात माझ्याकडे राहायला यायची. यायची म्हणजे आणली जायची. पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याला आमचं शेत आहे. तिथं थोरला भाऊ आणि वहिनी राहतात, आई त्यांच्याजवळ. छाटलेल्या फांद्या बांधाला रचायच्या आणि पेटवायच्या, ही तिथली रीत. हिवाळ्यात धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरून राहतो. आईला दमा आहे. म्हणून छाटणीच्या आधी तिची कापडी पिशवी भरली जायची. तीत लुगडी, दम्याचा पंप, जपमाळ आणि वाटेत खायला शेंगदाण्याची चटणी-भाकरी. वाट जेमतेम अर्ध्या तासाची, पण भाकरी असायचीच.

माझं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथं ती खिडकीशी बसून राहायची. "इथं हाक कुणाला मारावं?" असं तिनं एकदा विचारलं होतं.

यंदा तिनं पिशवी भरायला नकार दिला. "धूर करायचा का माय ठेवायची, ते ठरवा," असं ती भावाला म्हणाली.

भावानं माय ठेवायची ठरवली आणि लाकूड बारीक करणारं यंत्र विकत घेतलं. पेट्रोलवर चालणारं, दोन चाकांचं. वरच्या तोंडातून फांदी घालायची, बाजूनं भुसा आणि तुकडे बाहेर. ते झाडांच्या बुडाशी पसरले की ओल टिकते. कंपनी त्याला चिपर म्हणते. वस्तीवर कडबा बारीक करणारी कुट्टी सगळ्यांना माहीत, त्यामुळं हे पहिल्याच दिवशी 'फांदीकुट्टी' झालं.

डीलरचा माणूस ते टेम्पोतून घेऊन आला. आमच्याकडं नवी वस्तू दारात आली की तिची पूजा होते, आणि ती आणणाऱ्याला टॉवेल-टोपीचा मान मिळतो. हा नियम ट्रॅक्टरला लागला, विहिरीवरच्या मोटारीला लागला आणि एकदा फ्रिजलाही लागला होता. आईनं यंत्राला हळदीकुंकू लावलं आणि नारळ आणणाऱ्याच्या हातात दिला.

"तुम्हीच फोडा. वस्तू तुमच्या पायानं आली."

डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल अशा अवस्थेत त्यानं यंत्राच्या झाकणाच्या कडेवर नारळ आपटला. एका फटक्यात फुटला. हे शुभ मानलं गेलं. पाणी झाकणावरून आत ओघळलं. तेही शुभ मानलं गेलं. त्याच्या सोबत्यानं फोटो काढला. वस्तीवर खोबरं वाटलं गेलं. एक फांदी घालून पाहिली, तिचे तुकडे झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

छाटणी सुरू झाली तेव्हा यंत्र बंद पडू लागलं. सुरू व्हायचं, दोन-चार फांद्या खायचं आणि मान टाकायचं. पुन्हा दोरी ओढली की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. पेट्रोल बदललं, प्लग पुसला, जागा बदलली. आईनं नजर उतरवली. यंत्राच्या वागण्यात फरक पडला नाही. बांधाला फांद्यांचा ढीग वाढत गेला.

भावानं कंपनीच्या नंबरवर फोन लावला. मराठीसाठी एक अंक दाबायचा होता, तो दाबल्यावर एक मुलगी अतिशय शुद्ध मराठीत बोलू लागली.

"आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्या यंत्राचं स्वरूप काय आहे?"

"स्वरूप लाल आहे," भाऊ म्हणाला. "अन् ते चालू होऊन बंद पडतंय."

"आपण कृपया बिघाडाचं चित्रीकरण करून पाठवा."

चित्रीकरण वहिनीकडं आलं. भाऊ फांद्या घालणार, वहिनी मोबाइल धरणार. यंत्र सुरू झालं आणि चालतच राहिलं. फांद्यांमागून फांद्या खाल्ल्या. मोबाइल ठेवला, यंत्र थांबलं. दुसऱ्या दिवशी तेच झालं. समोर मोबाइल असला की यंत्र शिस्तीत चालायचं.

हे व्हिडिओ भावानं मलाही पाठवले. सगळ्यांत चित्र सारखं थरथरत होतं. मी ते पाहिले आणि मोबाइल स्वस्तातला आहे असा निष्कर्ष काढला. कंपनीनं निष्कर्ष काढला की यंत्र उत्तम चालतं, आणि तक्रार बंद केली. तसा आभाराचा संदेश आला. सेवेला किती तारे द्याल, असंही विचारलं होतं.

भावानं पुन्हा फोन लावला. "बाई, शूटिंग केलं की चालतंय. न केलं की बंद पडतंय."

पलीकडं कीबोर्डची टकटक झाली. मग ती मुलगी म्हणाली, "म्हणजे चित्रीकरण न करता केलेलं चित्रीकरण पाठवता येईल का?"

शेजारच्या शेतातले आबा हे सगळं बांधावरून पाहत असत. त्यांनीही दरवर्षी फांद्या जाळल्या होत्या, पण यंदा आमचं पाहून थांबले होते. थांबले होते, पण गप्प नव्हते.

"काय रं, झाली का पिक्चर पुरी? हिरोईन कोण, वहिनी का कुट्टी?"

"आबा, हसा तुमी," वहिनी म्हणाली.

"हसू नाय तर काय. माझ्या खिशात एक रुपयाची काडेपेटी हाय. तिला फोन नाय लावावा लागत."

त्यावर काही दिवस उपाय असा झाला की वहिनीनं शूटिंग चालू ठेवायचं आणि भावानं काम करून घ्यायचं. मोबाइल भरला की जुने व्हिडिओ पुसायचे. एका दुपारी मोबाइलची बॅटरी संपली, पण वहिनीच्या ते लक्षात आलं नाही. बंद पडलेला मोबाइल धरून ती तशीच उभी होती, आणि यंत्र चालू होतं. लक्षात आल्यावर ती दचकून मागं सरली. यंत्र थांबलं.

ओट्यावर बसलेली आई म्हणाली, "तुझा कोपर, गं. झाकणावर टेकलेला असतो."

वहिनी ठेंगणी आहे. हात थरथरू नये म्हणून ती दर वेळी कोपर झाकणावर टेकवून मोबाइल धरत होती; चित्र थरथरत होतं ते यंत्रामुळंच. झाकण दाबलं की यंत्र चालत होतं. झाकणाखाली एक स्विच असतो. झाकण उघडलं तर पातं थांबावं म्हणून ती सोय. तो स्विच नीट दाबला जात नव्हता.

भावानं स्वयंपाकघरातून पाटा आणून झाकणावर ठेवला आणि बैलाच्या कासऱ्यानं घट्ट आवळला. यंत्र दिवसभर चाललं. ढीग एका बाजूनं खाली बसू लागला. आईनं मला फोन करून सांगितलं की चटणी आता मिक्सरवर होते, पाटा कामावर गेलाय.

त्याच सुमारास कंपनीचा मिस्त्री आला. शेंद्र्याच्या एमआयडीसीकडून मोटारसायकलवर आला, पाठीवर हत्यारांची पिशवी. कुठल्या तक्रारीवर पाठवलंय हे त्याला नक्की माहीत नव्हतं, कारण सगळ्या बंद झालेल्या होत्या. मी त्या दिवशी शेतावरच होतो. त्यानं पाटा पाहिला, त्याभोवती एक चक्कर मारली आणि मोबाइलमध्ये फोटो काढला.

"ये क्या बसवलंय?"

"पाटा," भाऊ म्हणाला.

"कंपनीचा हाय का?"

"माझ्या सासूचा हाय," आई म्हणाली.

"मग माय, हा बाहेरचा पार्ट झाला. बाहेरचा पार्ट लावून मशीन चालवली तर पूर्ण वॉरंटी खतम."

पाटा उतरवला गेला. मिस्त्रीनं झाकण काढलं आणि स्विच दाखवला. आत चिकट पांढरट थर धरला होता, गंज चढला होता. त्यानं तो नखानं खरवडला आणि वर पाहिलं.

"नारळ फोडला का?"

भाऊ पाट्यावरचा भुसा झटकू लागला.

"ह्या भागात दुसरं काय असणार? पाणी गेल्यालं दिसतंय. माणसानं आत पाणी घातलं तर कंपनी पार्ट देत नाय. सुटा स्विच भेटत नाय, अख्खं झाकण मागवावं लागतं, अन् वॉरंटीत नसलं तर छाटणी संपून जाईल, तरी यायचं नाय." मग त्यानं आवाज खाली आणला. "माय, तुम्ही नाय म्हणा. मी पाऊस लिहितो, पावसाला कंपनी पार्ट देती."

"पाऊस कुठंय आता?" आई म्हणाली.

"कंपनी बाहेरची हाय. त्यांना काय कळतंय इथं पाऊस कवा पडतो?"

भावानं आईकडं पाहिलं. वहिनीनंही पाहिलं. आईनं एकदा नाही म्हटलं असतं तर झाकण आलं असतं आणि ती घरी राहिली असती. हे तिला आमच्याइतकंच समजत होतं.

"देवाचं नाव घेऊन नारळ फोडला, अन् फोडलाच नाय म्हणू? वस्तीनं खोबरं खाल्लंय. हे आबा दोन तुकडे घेऊन गेलेत."

"तीन," आबा बांधावरून म्हणाले.

मिस्त्रीनं नाइलाजानं 'नारळाचं पाणी' असं नोंदवलं, चहा घेतला आणि गेला.

त्या संध्याकाळी पाटा परत बांधावा असं मी सुचवलं. भाऊ वॉरंटीच्या बाबतीत फार सोवळा निघाला. तो म्हणाला, पाट्याचा फोटो वर गेलाय, आता पुन्हा बांधला आणि इंजिन गेलं, तर कोणी विचारणार नाही. ढीग निम्म्याहून जास्त उरला होता आणि झाडांना पाणी द्यायचं म्हणून वाट मोकळी हवी होती. रविवारी पेटवू, असं तो आईकडं न पाहता म्हणाला. आईनं खुंटीवरची पिशवी काढली आणि झटकली. मग लुगड्याच्या घड्या घालत मला विचारलं, "तुमच्या खालच्या मजल्यावर ती गुजरातीण होती, ती हाय का गेली?"

ती गेली होती. मी 'आहे' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी शहरात डीलरच्या दुकानात गेलो. भांडायला नव्हे, झाकण किती दिवसांत येईल हे तोंडी ऐकायला. दुकानात मॅनेजर होता. त्याच्या खुर्चीमागं भिंतभर फलक लावला होता: 'आमचे समाधानी ग्राहक'. त्यात ट्रॅक्टरजवळ, फवारणी पंपाजवळ उभी असलेली माणसं होती. मधोमध, सगळ्यांत मोठा फोटो आमच्या अंगणातला होता. आईचे हात जोडलेले. भाऊ हसतो आहे. टोपी आणि टॉवेल घातलेला त्यांचा माणूस नारळ आपटतो आहे. नारळ दुभंगलेला, आणि पाण्याची धार झाकणाच्या फटीत जाताना अगदी स्पष्ट. फोटो चांगला होता. आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या छायाचित्रकारांनाही अशी वेळ क्वचित साधते.

मी मॅनेजरला झाकणाची हकीकत सांगितली आणि मागं वळून पाहायला लावलं. त्यानं पाहिलं.

"हे तर आमच्या ओपनिंगपासून लावलंय," तो म्हणाला. ते शक्य नव्हतं, यंत्र याच हंगामातलं होतं. मी फोटोतल्या पाण्याच्या धारेकडं बोट दाखवलं.

"नारळ तुमचा होता ना पण?"

"हो."

"जागा तुमची?"

"हो. हात कोणाचा आहे?"

तो खुर्चीवर चढून फोटोजवळ गेला. माणसाच्या शर्टावर कंपनीची खूण होती, टॉवेलाआडून निम्मी दिसत होती. त्यानं बोट ठेवून ती टॉवेलाखाली सरकते का असं काहीतरी केलं. मग उतरला, वरच्या साहेबाला फोन लावला आणि हिंदीत बराच वेळ बोलला. शेवटी त्यानं निकाल सांगितला.

"साहेब म्हणतात, नारळ ग्राहकाचा, हात कंपनीचा. नारळ वॉरंटीत बसत नाही, हात बसतो. झाकण गोदामात आहे, उद्या पाठवतो." आणि फलकाकडं पाहत, "फोटो मात्र काढायला सांगू नका. तो लई चालतो."

झाकण आलं ते रविवारच्या आत. तोच मिस्त्री घेऊन आला; मीही त्या दिवशी शेतावर गेलो होतो. जुनं काढलं, नवं बसवलं, वर पिवळं स्टिकर चिकटवलं. त्याच्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: यंत्रावर नारळ फोडू नये. असे स्टिकर आता आमच्या भागासाठी खास येतात, असं तो म्हणाला.

आई आतून ताट घेऊन आली. ताटात हळदीकुंकू आणि नारळ. मिस्त्री उठून मोटारसायकलीच्या पलीकडं जाऊन उभा राहिला.

"माय, लांब! तिकडं दगडावर."

"तुमीच फोडा. वस्तू तुमच्या पायानं आली."

"माझे पाय नका सांगू, माझी नोकरी जाईल."

शेवटी नारळ आबांनी फोडला, बांधावरच्या दगडावर, यंत्रापासून इतक्या लांब की प्रसाद आणायला वहिनीला चपला घालाव्या लागल्या. मिस्त्रीला टॉवेल-टोपी मिळाली. टोपी त्यानं खिशात घातली, फोटो काढू दिला नाही. यंत्राला काही लावायचं राहिलं, हे आईला सहन होईना. तिनं बोटावर कुंकू घेतलं, झाकण सगळीकडून पाहिलं आणि नेमकं त्या पिवळ्या स्टिकरवर, 'नये' या शब्दावर, टिळा लावला.

ढीग संपला. मग आबांनी त्यांच्या फांद्या आणून टाकल्या. काडेपेटीबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत. बांधावर त्या हंगामात धूर झाला नाही.

छाटणी संपल्यावर मी पुन्हा शेतावर गेलो होतो. निघालो तेव्हा आईची पिशवी ओट्यावर तयार होती. क्षणभर मला कळेना. तिनं ती माझ्या हातात दिली. लुगडी काढली होती, पंप कोनाड्यात परत गेला होता. पिशवीत हरभऱ्याचा हिरवा टहाळ गच्च भरला होता, आणि वर फडक्यात बांधलेली चटणी-भाकरी.

"वाटेत खा," ती म्हणाली. "अन् पिशवी धुऊन आण. इथं खुंटी रिकामी दिसती."