म्यूरिएलने घातलेला नियम

इंग्लंडमधल्या स्कार्लबी गावात कुणाचं मांजर हरवलं, कुणाच्या कुत्र्याने क्रिकेटच्या मैदानात घाण केली, चर्चच्या छपरावरचे शिशाचे पत्रे पुन्हा कसे चोरीला गेले, हे सगळं गावाला म्यूरिएल पिंचबेककडून कळायचं. दर महिन्याला ती चार पानांचं पत्रक काढायची आणि स्वतःच दारोदार टाकायची. पूर्वी ती गावचं पोस्ट चालवायची, त्यामुळे बातम्या आयत्याच हातात पडत. पोस्ट बंद झाल्यावर ती ग्रामपरिषदेवर निवडून आली. निवडून कसली, उभं राहायला दुसरं कुणी तयारच नव्हतं! पुढे अध्यक्ष झाली ती कायमचीच. बाई कामाची, यात वाद नाही. खड्डे बुजवून घ्यावेत तर तिनेच. पण नियमावर बोट ठेवायची अशी खोड की तिच्याशी बोलताना भला माणूससुद्धा उगाच कोटाची बटणं चाचपून बघायचा.

सभेत आपला स्वतःचा विषय निघाला की त्या सभासदाने उठून बाहेर जायचं, असा नियम आहे. इतर गावांत तो हसतखेळत पाळतात. म्यूरिएलकडे हसणं नव्हतं. एकदा डेरेक कूपलंडच्या शेताच्या कुंपणाचा विषय होता आणि बाहेर गारा पडत होत्या.

"कानात बोटं घालून आत बसलो तर चालेल का गं?" डेरेकने विचारलं.

"नाही," म्यूरिएल म्हणाली, आणि एवढा शेतकरी गडी निमूटपणे पायरीवर जाऊन भिजला.

चर्चमागची दफनभूमी भरत आली, तेव्हा तिने असाच एक नियम घातला. शहरातली माणसं, इथे शांत आहे, पाखरं आहेत, म्हणून आपल्या मेलेल्यांसाठी जागा मागायला लागली होती, आणि शेजारचा शेतकरी तर वीतभर जमीन विकायला तयार नव्हता. मरणाआधीचं वर्षभर जो गावात राहिला नाही त्याला इथे जागा नाही, असं तिने मांडलं.

"आणि म्हातारपणी वृद्धाश्रमात गेलेल्यांचं काय?" डेरेक म्हणाला. "ते काय हौसेने जातात?"

"एक दार किलकिलं ठेवलं की सगळं शहर आत येईल, डेरेक."

सगळ्यांना घरी जायचं होतं. हात वर झाले.

त्या नियमाखाली पहिला सापडला म्हातारा वॉल्टर टॉयन. आयुष्य गावात काढलं, अर्धांगवायू झाला म्हणून लेकीने त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवला, आणि तिथे तो वर्ष उलटल्यावर गेला. बायको चर्चमागेच पुरलेली होती. तिच्या शेजारची जागा त्याने स्वतः सांगून मोकळी ठेवून घेतली होती. त्याची लेक डोरीन सभेला आली. लहानपणी हीच डोरीन पोस्टातल्या दुकानात खाऊच्या गोळ्या घ्यायला यायची.

"आईशेजारी जागा आहे, मिसेस पिंचबेक. दुसऱ्या कुणाची तिथे अडचण नाही."

"मला वाईट वाटतं गं," म्यूरिएल म्हणाली, आणि तिला खरंच वाटत होतं. "पण तुझ्यासाठी नियम वाकवला तर उद्या नाही कुणाला म्हणू?"

डोरीन उठून घरी गेली. वॉल्टर शहराच्या कडेला, मोठ्या रस्त्यापलीकडच्या सार्वजनिक दफनभूमीत गेला. गावच्या पत्रकात त्याच्यावर दोन ओळी आल्या. कुत्र्यांच्या घाणीवर त्या महिन्यात अर्धं पान होतं.

म्यूरिएलचा नवरा क्लिफर्ड तेव्हाच विसरायला लागला होता. आधी शेगडी चालू ठेवायचा, मग एका पहाटे झोपायच्या कपड्यांत हमरस्त्यावर सापडला. डॉक्टर म्हणाले, आता घरी नको. म्यूरिएलने त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात पोचवलं ते 'थोडे दिवस' म्हणून. त्याचा कोट दाराच्या खुंटीवर तसाच राहू दिला. गावातल्या प्रत्येकाचा हिशेब ठेवणारी ही बाई, पण आपल्या नवऱ्याला तिथे जाऊन किती काळ झाला हे मात्र तिने कधी मोजलं नाही. मोजायची हिंमत कुठून आणणार?

त्यांना एक मुलगा झाला होता, कीथ. काही आठवड्यांचाच झाला आणि गेला. चर्चमागे भिंतीला लागून त्याचा छोटासा दगड आहे. क्लिफर्ड त्या दफनभूमीतलं गवत कापायचा, पैसे न घेता, आणि भिंतीपाशी आला की यंत्र बंद करून तेवढं कात्रीने कापायचा. वृद्धाश्रमात बायकोचं नाव विसरला, तरी हे विसरला नाही. ती भेटायला गेली की हात धरून म्हणायचा, "मला पोराजवळ ठेव."

"ठेवते," ती म्हणायची. दर खेपेला म्हणायची.

फेब्रुवारीत तो गेला. अंत्यसंस्कारवाल्याचा फोन आला. "गावातच ना, मिसेस पिंचबेक?" एवढंच त्याने विचारलं, आणि तेव्हा तिला कळलं, क्लिफर्डला गाव सोडून वर्ष उलटलं होतं. फोन हातात धरून ती जिन्याच्या पायरीवर बसली. पलीकडचा माणूस बिचारा हॅलो हॅलो करत राहिला.

डेरेकने घाईघाईने खास सभा बोलावली. पाच जागांपैकी एक कायमची रिकामी, एक सभासद खुब्याचं हाड मोडून इस्पितळात. उरले डेरेक, लंडनहून येऊन राहिलेली फिलिपा आणि म्यूरिएल. सभेचं टिपण घ्यायला नील कारकून. मागच्या खुर्च्यांवर गावची दोन-चार माणसं होती, आणि अगदी शेवटी, कोट अंगातच ठेवून, डोरीन.

"विषय एकच," डेरेक म्हणाला. "क्लिफला पोराजवळ ठेवायचं. वृद्धाश्रमात गेलेल्यांना सूट. हात वर करा आणि घरी चला."

म्यूरिएल उठली. "माझा विषय आहे. मी बाहेर जाते."

नील खाकरला. "तुम्ही गेलात तर दोघंच उरतात. तिघांशिवाय ठराव होत नाही. पुढची सभा होईपर्यंत... म्हणजे, तोवर त्यांना ठेवता येणार नाही."

हे तिला सकाळपासून ठाऊक होतं. कोट घालताना ठाऊक होतं, येताना वाटेवर ठाऊक होतं.

"मग बसा ना," फिलिपा म्हणाली. "आम्ही कुणी काही बोलणार नाही."

"बस गं खाली," डेरेक म्हणाला. "तक्रार कोण करणार आहे?"

आणि नकळत सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. डोरीनला ते कळलं. तिने पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"मी नाही करणार तक्रार," ती म्हणाली. "बसा तुम्ही, मिसेस पिंचबेक. माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचं व्हायला नको."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावले असते तर म्यूरिएलने उलट चार सुनावले असते आणि बसली असती. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. एका बाजूला तिचं 'ठेवते' होतं, आणि दुसऱ्या बाजूला वॉल्टरच्या बायकोशेजारची ती मोकळी जागा, जिच्यावरचं गवतही क्लिफर्डनेच कापलं होतं.

"डोरीनसाठी आपण नियम वाकवला नव्हता," ती शेवटी म्हणाली आणि बाहेर गेली.

सभा मोडली. डेरेक तिच्यामागे पायरीवर आला. रागाने त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मोठं मन दाखवलंस. पण यात क्लिफचा काय दोष होता, सांगशील?"

म्यूरिएल कोटाची बटणं लावून घराकडे चालू लागली. गावात कुणी म्हणालं बाई सरळ, कुणी म्हणालं बाईला ताठा, नवऱ्यापेक्षा नियम प्यारा. दोन्ही खरं असेल. क्लिफर्ड शहराच्या कडेला, मोठ्या रस्त्यापलीकडे गेला. त्या महिन्याच्या पत्रकात त्याच्यावर दोन ओळी होत्या, रिकाम्या बाटल्या टाकायच्या पेटीच्या बातमीखाली. वॉल्टरला जेवढ्या दिल्या तेवढ्याच.

खुबा मोडलेला सभासद काठी टेकत परत आला आणि सूट देणारा ठराव चहा निवायच्या आत मंजूर झाला. म्यूरिएलनेही हात वर केला. पुरलेल्यांना उकरून आणायला वरची परवानगी लागते, आणि ती मागायचं बळ म्यूरिएल आणि डोरीन दोघींतही नव्हतं. सभा संपल्यावर फिलिपाने प्रेमाने विचारलं, "मुलाशेजारची जागा तुमच्या नावाने राखून ठेवू का? तुम्ही तर गावातच राहता."

"थांब जरा," म्यूरिएल म्हणाली. तिथे गेली तर क्लिफ एकटा, क्लिफकडे गेली तर पोर एकटं. तिने पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि वाटायला निघाली.

गुरुवारी शहरात बाजाराला जाणारी बस असते. त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी क्लिफर्डकडे जायला ती बसमध्ये चढली तेव्हा खिडकीशी डोरीन होती, मांडीवर फुलांची कुंडी. डोरीनने शेजारच्या आसनावरची पिशवी उचलून खाली ठेवली. म्यूरिएल बसली.

बस गावाबाहेर पडली. मग म्यूरिएल म्हणाली, "तुझ्या आईजवळचं गवत मी कापते हल्ली. क्लिफ कापायचा तसं."

"पाहिलं मी." डोरीन कुंडीतली माती बोटाने दाबत राहिली. "फिलिपा सांगत होती, तुम्ही जागेचं काही ठरवलं नाही म्हणून."

"नाही."

"तुम्ही पोराजवळ जा," डोरीन म्हणाली. "बाबांसाठी मी दर गुरुवारी येतेच आहे. तुमच्या मिस्टरांचंही बघत जाईन. पलीकडच्याच ओळीत आहेत ते."

म्यूरिएलने हातमोजे काढले, परत घातले. बस मोठा रस्ता ओलांडून दफनभूमीपाशी थांबली, तेव्हा डोरीनने उठता उठता कुंडी तिच्या हातात दिली.

"धरा जरा," ती म्हणाली. "गेटपासून जवळची वाट आहे, ती दाखवते."