अंगठ्यावरची चमकी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. पेन्शनरांच्या कट्ट्यावर मी नोकरीतल्या लबाड्या सांगितल्या, मूळव्याधीचं ऑपरेशन हावभावांसकट सांगितलं. नेलपॉलिशचं तेवढं कधी तोंडातून निघालं नाही.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी रंग तपासायचो. रंगवलेल्या पत्र्यावर ब्लेडने बारीक चौकटी ओढायच्या, वर चिकटपट्टी दाबायची आणि खेचायची. रंग सुटला तर डबा नापास. निवृत्त होऊन बदलापूरला राहायला आलो आणि तपासायला रंग उरला नाही, म्हणून घरातली माणसं तपासू लागलो. मुलगा दिवसभर ऑफिसात, बायको देवाघरी. राहता राहिली सूनबाई.

बायको होती तोवर आमची गौर तीच उंबऱ्यातून आत आणायची. तिच्यामागे हा मान कुणाचा, हे ठरवणार माझी थोरली बहीण. त्या वर्षी आक्काने निरोप धाडला, "यंदा सूनबाईच गौर आणील." तेव्हापासून सूनबाई भांडी घासतानाही गुणगुणायची. उल्हासनगरच्या कॅम्पात जाऊन तिने गौरीसाठी दागिने आणले, झालर आणली, आणि स्वतःसाठी काय, तर एक स्वस्तातली नेलपॉलिश. काळ्याकडे झुकणारी निळी, आत चमकी.

"दुकानदार म्हणाला, भाभी, आठ दिन हिलेगा नहीं."

"कॅम्पातल्या बाजारातला नकली माल तो," मी म्हटलं. "गौर दारात यायच्या आत पापुद्रे निघतील."

"मग तुम्हीच तपासा की, बाबा," ती हसली आणि भाजी निवडायला बसली.

ती थट्टा होती. मी हुकूम समजलो. गणपतीच्या आदल्या दिवशी ती फुलं आणायला गेली, तेव्हा मी बाटली घेऊन गॅलरीत बसलो. डाव्या अंगठ्याच्या नखावर पहिला हात, वाळवणं, दुसरा हात, सगळं नियमाप्रमाणे. मग ब्लेडने हलक्या चौकटी, वर चिकटपट्टी. खेचली. चिकटपट्टीच फाटली, रंग जागचा हलला नाही. नोकरीत याहून वाईट डबे मी साहेबांच्या सांगण्यावरून पास केले होते.

आता खरं सांगायचंच तर पुढचंही सांगतो. परीक्षा संपल्यावरही मी उठलो नाही. उन्हात अंगठा इकडे तिकडे वळवत बसलो. आयुष्यभर करडा आणि हिरवा रंग पाहिलेल्या माणसाला ती चमकी फार आवडली.

नंतर रंग काढायची खटपट सुरू झाली. दाढीनंतरचं लोशन झालं, भांड्यांची घासणी झाली. कडेचा थोडा रंग गेला, चमकी उलट जास्तच उठून दिसू लागली. रिमूव्हर सूनबाईच्या कपाटात होता. मागायचा तर सांगावं लागणार. मी अंगठ्याला पट्टी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी तसाच पूजेला बसलो.

"पाणी लागेल, पट्टी काढा," गुरुजी म्हणाले.

काढली. हात जोडले आणि दोन अंगठे शेजारी आले. एक पेन्शनरचा, एक नटीचा.

"शिव शिव!" आक्का म्हणाली. "हे रे काय? या वयात नाटकात नाचायला लागलास होय?"

गुरुजी गालातल्या गालात हसले. शेजारी हसले. तेवढ्यात मी बोलून गेलो, "काल दुपारी डोळा लागला होता. सूनबाईने थट्टेत लावलं. पोरकटपणा, दुसरं काय."

सूनबाई मोदकांचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं. मी समईच्या वातीकडे पाहिलं.

"हो, आत्या," ती म्हणाली. "मीच लावलं. चुकलं."

आक्काने आरती होऊ दिली. मग म्हणाली, "सासऱ्याची अशी टर उडवणारीच्या हातात मी गौर देणार नाही." गौर पुतण्याच्या बायकोने आणली. तिची नखं लालभडक होती. पण लाल चालतं, असं आक्का म्हणाली.

पूजेच्याच दिवशी संध्याकाळी सूनबाई कापूस आणि रिमूव्हर घेऊन माझ्यासमोर बसली. "हात द्या, बाबा." भिजवलेला कापूस तिने नखावर दाबून धरला. "चमकी घासून जात नाही. थोडं थांबावं लागतं."

बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हटलं, "रंग मात्र पास आहे हं."

"आवडला होता तर मागायचा," ती म्हणाली. बाटली तिने कचऱ्यात टाकली. त्यानंतर तिच्या नखांवर मी रंग पाहिला नाही.

पुढच्या वर्षापासून गौर अंबरनाथला पुतण्याकडेच बसू लागली. आता आक्काही नाही; तिच्यासमोर कबूल करायचं राहूनच गेलं. सूनबाई दर वर्षी तिकडे जाऊन दुसरीच्या गौरीसाठी घारगे तळते. यंदा मी ठरवून तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. सगळी माणसं बाहेर जमली होती, ऐकू गेलं असतं, आणि मला तेच हवं होतं.

"सूनबाई."

ती झारा हातात घेऊन वळली. "काय, बाबा?"

तिची उघडी नखं दिसली आणि मी कढईत डोकावलो.

"घारगे," मी म्हटलं, "जरा आणखी लाल होऊ देत."