बाकाखालची मांजरं

आठवणींचं दालन म्हणे! आमच्या पनवेलच्या कॉलेजनं जुन्या विद्यार्थ्यांच्या वस्तू मांडल्यात आणि एकेकाला बसवून आठवणी रेकॉर्ड करायला घेतल्यात. फोन आला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण गेले, आणि दारातच डोकं फिरलं.

काचेच्या पेटीत, क्रिकेटच्या ढालीशेजारी, गॅदरिंगमधल्या फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या. निनावी चिठ्ठीत कुणाचीही टर उडवायची, ती स्टेजवरून वाचायची, आणि ज्याची उडवली त्यानं वर दात काढायचे, असा तो खेळ. मधोमध माझ्यावरची चिठ्ठी: "बाईसाहेब वर्गात आल्या की बाकाखाली मांजरं जमतात."

माझी आई मच्छी मार्केटात बसायची. अख्ख्या वर्गाला ते ठाऊक होतं. चिठ्ठी वाचली आणि सगळा हॉल म्याँव म्याँव करत सुटला. त्या दिवशी मला बक्षीस होतं, म्हणून आई नवं लुगडं नेसून मागच्या रांगेत येऊन बसली होती. सगळे हसले तशी तीही हसली. मला वाटलं, बरं झालं, हिला काही कळलं नाही.

"ओळख, कुणाची आयडिया?" माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष मागून म्हणाला. माझाच वर्गमित्र, आता खारघरचा मोठा बिल्डर. "आपलीच! काय धमाल होती गं. तुझी आईसुद्धा हसली होती!"

चोर तो चोर, वर शिरजोर. मेल्यानं एवढं मात्र बरोब्बर लक्षात ठेवलं होतं!

रेकॉर्डिंग घेणाऱ्या प्राध्यापक बाईंनी मोबाइल पुढे केला. "एखादी गोड आठवण सांगा हं, मॅडम."

सांगितली. पदवी घ्यायच्या दिवशी मी आईला चल म्हटलं. ती म्हणाली, "तू जा. मी नाय येत. माज्या अंगाला वास येतो."

बाईंनी मोबाइल खाली घेतला. अध्यक्षांचं तोंड एवढंसं झालं.

"अगं, मनाला काय लावून घेतेस? गंमत होती ती. काढून टाकतो चिठ्ठी, मग तर झालं?"

"खबरदार काढलीस तर! राहू दे तिथंच. खाली तुझं नाव लिही."

"नाव? अगं, घरात सुना आल्यात आता. काय म्हणतील त्या?"

"माझ्या घरात आई होती," मी म्हटलं.